गाडीतला आवाज कुणाच्या ताब्यात?

पश्चिम महाराष्ट्रात उसाचा ट्रॅक्टर कंपनीतून येतो तेव्हा सहसा त्याला टेप नसतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तो उभा राहतो तेव्हा मात्र असतो. या दोन टोकांच्या मध्ये काय घडते याचा विचार ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी केलेला दिसत नाही. गळीत हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर आष्ट्याच्या अलीकडे-पलीकडे रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालू असतात. ड्रायव्हरला झोप येऊ नये, रात्र कटावी, आपण कुणाच्या गावचे, कुणाच्या विचाराचे हे वाटेत कळावे, म्हणून टेप लागतो. तो बसवून देतो तो रस्त्याकडेचा वायरिंगवाला पोरगा. कंपनीच्या इंजिनिअरला जी गरज दिसली नाही ती या पोराला दिसली.

आंबेडकरी दैनिकाच्या पानावर मोटारीतल्या टेपची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. महागाई, आरक्षण, अत्याचार, खाजगीकरण असे जिवंत प्रश्न समोर असताना हा चैनीचा विषय कशाला? पण नीट पाहिले तर हाही त्याच प्रश्नांचा एक तुकडा आहे. यंत्र कुणासाठी बनते, त्यात काय असावे हे कोण ठरवतो, ते दुरुस्त करण्याचा हक्क कुणाला आणि त्या यंत्रातून निघणाऱ्या आवाजाची नोंद कुणाच्या वहीत जाते, हे चारही प्रश्न गाडीच्या डॅशबोर्डवर एका जागी भेटतात. म्हणून मोटार कंपन्या आवाजाच्या नव्या तंत्रात मागे का राहतात, हे समजून घेण्याची गरज आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. सीडी १९८२ साली आली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ती महागड्या मोटारींत पोचली. तरीही कारखान्यातूनच कॅसेटचा टेप बसवून येणारी मोटार अमेरिकेच्या बाजारात थेट २०१० पर्यंत विकली जात होती, आणि ती लेक्ससची, म्हणजे श्रीमंतांचीच गाडी होती. तोवर आयपॉड येऊन नऊ वर्षे झाली होती. मोबाईल थेट गाडीच्या पडद्याला जोडण्याची अॅपलची 'कारप्ले' व्यवस्था २०१४ साली आणि गुगलची 'अँड्रॉइड ऑटो' २०१५ साली आली. तोपर्यंत जगातल्या कोट्यवधी लोकांच्या खिशातला फोन त्यांच्या गाडीतल्या टेपपेक्षा कितीतरी शहाणा झालेला होता. आपल्याकडच्या वडापच्या जीपमध्ये सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा स्वस्त एफएम ट्रान्समीटर आणि पेन ड्राइव्ह आला तेव्हा अनेक कंपन्यांच्या नव्या गाड्या सीडीवरच अडकून पडल्या होत्या. वडापवाला पुढे आणि कंपनी मागे, अशी ही उलटी गंगा.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वकिलाने आधी समोरच्याचा युक्तिवाद नीट मांडावा, मग तो तपासावा. मोटारीचे नवे मॉडेल तयार व्हायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात. टेप कोणता, पडदा केवढा, चिप कोणती हे गाडी रस्त्यावर येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच ठरवून टाकावे लागते. त्यानंतर ते मॉडेल सहा-सात वर्षे विकले जाते. म्हणजे शेवटच्या वर्षी गाडी घेणाऱ्याच्या हातात दहा वर्षांपूर्वी निवडलेले तंत्र पडते. मोबाईल आपण दोन-तीन वर्षांत बदलतो. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार पंधरा वर्षांची असते. एवढ्या वर्षांत फोनच्या चार-पाच पिढ्या सहज होतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात आपल्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. खिशातला फोन त्या उष्णतेत बंद पडतो, गाडीतला टेप बंद पडून चालत नाही. म्हणून मोटारीच्या चिपला उणे ४० अंशांपासून ८५ अंश आणि त्याहून अधिक तापमानापर्यंतच्या चाचण्या द्याव्या लागतात. शिवाय खड्ड्यांचे हादरे, धूळ आणि इंजिनाच्या विजेचा त्रास वेगळाच. तिसरी गोष्ट सुरक्षेची. जुन्या टेपचे बटण रस्त्यावरची नजर न काढता फिरवता येत होते. पडद्यावर बोट फिरवायचे तर नजर खाली जाते, आणि ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे गेलेली असते. युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या यूरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांसाठी खरी बटणे किंवा दांड्या असाव्यात असा आग्रह धरला आहे. म्हणजे सगळेच मागे राहणे वाईट नव्हे, एवढे मान्य केले पाहिजे.

पण हा युक्तिवाद अर्धाच आहे. उष्णता आणि हादरे सगळ्या गाड्यांना सारखेच लागतात. मग त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या सर्वांत महागड्या प्रकारात मोठा पडदा, सहा-आठ स्पीकर आणि बिनवायरीची जोडणी कशी टिकते, आणि सर्वांत स्वस्त प्रकारात साधा रेडिओसुद्धा का नसतो? २००९ साली लाख रुपयांची म्हणून गाजलेली नॅनो बाजारात आली तेव्हा तिच्या मूळ प्रकारात रेडिओ नव्हता. आजही अनेक छोट्या गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये टेप नसतो. गिऱ्हाईकाला नुसता टेप हवा असतो. शोरूम सांगते, टेप हवा तर वरचे मॉडेल घ्या. वरच्या मॉडेलमध्ये टेपाबरोबर चाकांच्या तकाकीपासून सीटच्या कापडापर्यंत दहा गोष्टी गळ्यात पडतात आणि किंमत काही हजारांनी, कधी लाखाने चढते. येथे तंत्राची अडचण कुठे आली? आवाजाला येथे दर्जाचे चिन्ह करून ठेवले आहे. कुणाच्या गाडीत काय वाजावे हे त्याच्या खिशावरून ठरते.

या मागासपणाला आपल्या देशात इतिहासही आहे. परवाना राजच्या काळात भारतीय रस्त्यावर प्रामुख्याने अॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या गाड्या दिसत. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. जे बनेल ते सगळे विकले जाणार हे ठाऊक असलेल्या मालकाला सुधारणा करण्याची गरजच वाटत नाही. घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाईकाच्या हाती पडली आणि चित्र बदलू लागले. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. मक्तेदारीची जागा स्पर्धेने घेतली. पण ही स्पर्धा मुख्यतः किमतीची आणि मायलेजची झाली. किंमत पाडायची म्हणजे जे गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी दिसत नाही ते कापायचे. टेपामागची चिप, स्पीकरचा कागद, वायरीची जाडी हे सगळे त्यात कापले जाते.

आणि ही कापाकापी कोण सोसतो? मोटार कंपनी स्वतः टेप बनवत नाही. ती तो पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडून घेते, तो दुसऱ्या पायरीच्या पुरवठादाराकडून सुटे भाग घेतो, दुसरा तिसऱ्याकडून. चाकणला हरमन कंपनीचा मोटारीतल्या आवाजाची यंत्रे बनवणारा कारखाना २०१४ पासून आहे. त्या हरमनला २०१७ साली सॅमसंगने सुमारे ८०० कोटी डॉलर्सना विकत घेतले. जगातला एवढा मोठा व्यवहार या आवाजाच्या धंद्यात झाला. पण उतरंडीच्या तळाशी असलेल्या छोट्या शेडमध्ये वायरिंगचे कपलर जोडणारा मुलगा कधी अॅप्रेंटिस असतो, कधी कंत्राटी असतो, काही वर्षांपूर्वीपर्यंत तो 'नीम' योजनेतला ट्रेनी असायचा. कायम मात्र क्वचितच असतो. या मुलांत वाळवा, पलूस, शिराळ्यापासून मराठवाड्यापर्यंतच्या बहुजन घरांतली पोरे मोठ्या संख्येने आहेत. गाडीत कोणता टेप असावा हे ठरवणाऱ्या टेबलावर ती पोचत नाहीत, कारण खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि त्या टेबलापर्यंत नेणारी ओळखपाळख त्यांच्याकडे नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. पुरवठादारांची उतरंड म्हणजे जात नव्हे, हे मला ठाऊक आहे. तशी सोपी तुलना करून टाळ्या मिळवायच्या नाहीत. पण ज्या समाजात हात आणि डोके यांच्यामध्ये हजारो वर्षे भिंत घातली गेली, त्या समाजातला कारखानाही ती भिंत बरोबर घेऊनच उभा राहतो. वापरणारा एका टोकाला, बनवणारा दुसऱ्या टोकाला, ठरवणारा तिसऱ्याच ठिकाणी. मग तंत्र मागे राहिले तर नवल कसले?

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेची तंतुवाद्ये देशभर नावाजलेली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांची. राजेरजवाड्यांच्या तलवारी म्यान झाल्या तेव्हा या लोकांनी हाताची कला वाद्याकडे वळवली. कसलीही पदवी नसताना त्यांनी आवाजाचे शास्त्र कमावले. हे कसे साधले? गवई दुकानात येऊन बसतो, तार छेडतो, जवारी नीट लागली नाही म्हणतो, आणि कारागीर त्याच्यासमोर ती घासून घासून जमवतो. बनवणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात. मोटारीच्या डॅशबोर्डाच्या बाबतीत अशी भेट कधी होतच नाही. ती भेट होते फक्त एका ठिकाणी, आष्टा, सांगली, कराडच्या रस्त्याकडेच्या वायरिंगच्या दुकानात.

या दुकानांचा जन्म एका साध्या गोष्टीमुळे झाला. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेने गाडीतल्या टेपाच्या खोबणीचे माप ठरवून दिले होते, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. पुढे दुप्पट उंचीची खोबण आली. हे माप जगभर मान्य झाले. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही गाडीत बसू लागला. कंपनीने कॅसेट दिली असेल तर काढून सीडी बसवा, सीडी जुनी झाली तर पेन ड्राइव्हवाला बसवा, आज 'अँड्रॉइड' बसवा. कंपनी दहा वर्षे मागे असली तरी गाडीवाला मागे राहत नव्हता. चौकोनी भोक सगळ्यांना सारखे, हीसुद्धा एक प्रकारची समताच होती. आणि त्या भोकावर हजारो आयटीआयवाल्या, दहावी नापास पोरांची चूल पेटली.

आता ती खोबणच नाहीशी होत आहे. नव्या गाड्यांत पडदा डॅशबोर्डाचाच भाग असतो. त्यातच एसी, मागचा कॅमेरा, दरवाजाची सूचना, गाडीची सेटिंग. वायरी अशा की सगळी यंत्रे एकमेकांशी बोलत असतात. बाहेरचा टेप बसवायला गेले तर एसीचे बटणच हरवते. आणि वर शोरूमचा दम असतो, बाहेर वायरिंगला हात लावला तर वॉरंटी गेली. कंपन्या आधी तंत्रात मागे राहिल्या, ती उणीव रस्त्यावरच्या पोराने भरून काढली, आणि आता त्या पोरालाच दाराबाहेर काढण्यात येत आहे. तळ्यातले पाणी कमी नव्हते, अडवणारे कमी नव्हते, हा इतिहास आपल्याला नव्याने सांगावा लागत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? पहिली गोष्ट, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या ज्या बदलांना मनाई करते ते नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलणारे बदल आहेत. टेप बदलल्याने आरसी बुकातली एक ओळही बदलत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सिएल या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणे हा बाजारपेठेतल्या वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असाही आदेश दिला. पुढे प्रकरण अपिलात गेले, काही कंपन्यांचा दंड कमी झाला, कोर्टकज्जे लांबले. पण त्या निकालातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपल्या वायरिंगवाल्या पोरांपर्यंत हा निकाल पोचलेला नाही. ज्याच्यासाठी कायदा आहे त्यालाच तो ठाऊक नसतो, हे आपल्या देशातल्या न्यायाचे जुने दुखणे आहे.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे तिच्यासमोर ठेवली. त्या वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. ज्याच्या मागे शिक्षा नाही असा हक्क कंपनीच्या मर्जीवर चालतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' अशी व्याख्या आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल ही सक्ती तिच्यात बसते. टेप हवा तर वरचे मॉडेल घ्या, हा शोरूमचा खाक्या या व्याख्येवर घासून पाहण्याची वेळ आली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात अशी तक्रार दाखल करता येते. त्यासाठी मोठा वकील लागत नाही, बिल आणि कोटेशनचा कागद जपून ठेवावा लागतो.

आता आवाजाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आंबेडकरी चळवळ ही आवाजावर वाढलेली चळवळ आहे. ज्यांना अक्षरबंदी होती त्यांनी ऐकून शहाणपण मिळवले. जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. ग्रामोफोनच्या काळात रेकॉर्ड काढण्याची सत्ता प्रामुख्याने एचएमव्हीसारख्या एका बड्या कंपनीच्या हाती होती आणि आपल्या शाहिराला तेथे सहजी दार उघडे नव्हते. कॅसेटने हे दार मोडले. १९८० च्या दशकात कॅसेट काढणे स्वस्त झाले, टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांबरोबर गल्लीबोळातल्या छोट्या कंपन्याही उभ्या राहिल्या. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी घराघरांत गेली. आणि ती केवळ घरात वाजली नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे आणि दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघालेल्या जीप, ट्रक, टेम्पोंतल्या टेपांवर ती वाजली. शेजारी बसलेल्या, कधी पुस्तक हाती न धरलेल्या माणसानेही ती ऐकली. आपल्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाहिरीतून कष्टकऱ्यांपर्यंत पोचले. छापील पुस्तकापेक्षा आवाज लांब जातो हे या मातीला शिकवावे लागत नाही. गाडीतला टेप हे आपल्यासाठी चैनीचे साधन कधीच नव्हते.

म्हणूनच पुढचा धोका नीट समजून घेतला पाहिजे. कॅसेट वाजली आणि संपली. ती कुणी ऐकली याची नोंद कुठे होत नव्हती. आजचा पडदा नोंद करतो. कोणते गाणे, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर, कितीदा, हे सगळे गाडीला जोडलेल्या फोनमधून, अॅपमधून किंवा गाडीतल्याच सिमकार्डातून कुठल्या तरी संगणकावर जाऊ शकते. २०२३ साली मोझिला फाउंडेशनने जगातल्या २५ मोटार ब्रँडांच्या खाजगीपणाच्या धोरणांची तपासणी केली. एकही ब्रँड कसोटीला उतरला नाही. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या नव्या विजेच्या गाड्यांतून अॅपलची कारप्ले व्यवस्था काढून स्वतःची व्यवस्था बसवण्याचा निर्णय जाहीर केला. जी कंपनी काल नवे तंत्र आणायला कुरकुरत होती, तिला आज एकाएकी पडदा स्वतःच्या ताब्यात हवासा का वाटतो? कारण पडद्यामागे गिऱ्हाईकाची माहिती आहे, आणि माहितीत गाडीच्या नफ्यापेक्षा टिकाऊ नफा आहे.

आपल्या देशात या माहितीला एक खास रंग आहे. येथे गाण्यावरून जात कळते. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद उकरून एका दलित तरुणाला मरेपर्यंत मारहाण झाली. एका रिंगटोनने त्या गुंडांना जे सांगितले तेच चौदा एप्रिलच्या आठवड्यातली गाण्यांची यादी उद्या कर्ज देणाऱ्या, विमा उतरवणाऱ्या, नोकरी देणाऱ्या कुणाच्याही संगणकाला सांगू शकते. असे आज घडतेच आहे असा माझा दावा नाही. दार उघडे आहे, एवढेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०१९ साली संसदेत आलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती मानून तिला जास्तीचे संरक्षण दिले होते. ते विधेयक २०२२ साली मागे घेण्यात आले. २०२३ साली जो कायदा झाला त्यात संवेदनशील माहिती हा वर्गच उरला नाही. जात सांगणारी माहिती आणि चपलेचा नंबर यांना कायद्याच्या नजरेत एकच भाव! यावर आपल्या किती खासदारांनी तोंड उघडले?

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपण काय करणार? अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. विजेच्या गाड्यांत मध्यम लहरींचा रेडिओ नीट लागत नाही म्हणून काही कंपन्यांनी तो काढून टाकायला सुरुवात केली. फोर्डनेही २०२३ साली तसे ठरवले. तेथील शेतकरी, छोटी रेडिओ केंद्रे आणि लोकप्रतिनिधी यांनी आरडाओरडा केला. संकटकाळात हाच रेडिओ चालतो, असे सांगितले. फोर्डला त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. आपल्याकडे सांगलीचे आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर वर्षानुवर्षे पिकांचे भाव आणि पुराच्या सूचना सांगत आले. आकाशवाणीने डिजिटल रेडिओची डीआरएम यंत्रणा उभारली, लाखो नव्या गाड्यांत ती ऐकण्याची सोयही बसली, पण गाडीच्या मालकालाच त्याचा पत्ता नाही. म्हणजे जेथे कंपन्या मागे नाहीत तेथेही ऐकणाऱ्याला कुणी विचारलेले नाही. ज्याला विचारायची कुणाला गरज वाटत नाही, त्याने स्वतः बोलावे लागते.

बोलायचे तर आधी आपल्या घरातही थोडे बोलले पाहिजे. आवाज मोठा असणे म्हणजे आवाजाला वजन असणे नव्हे. जयंतीच्या मिरवणुकीत छातीत धडकी भरवणारे डीजे लावून प्रबोधन होत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भंग मात्र होतो आणि पोरांवर गुन्हे दाखल होतात. उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप एवढा मोठा असेल की मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नसेल, तर त्या टेपाने माणूस मरतो, आणि तो बहुतेक वेळा दुचाकीवरचा गरीबच असतो. टेप हवा, पण तो शुद्धीवर ठेवणारा हवा.

महामानवाने यंत्राला कधी नावे ठेवली नाहीत. चरख्याचे गोडवे गायले जात असताना बाबासाहेबांनी सांगितले की यंत्रामुळेच माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतूनच संस्कृती उभी राहते. दोष यंत्राचा नाही, तर खाजगी मालकी आणि नफा यांना देव मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. त्या दृष्टीने काही मागण्या मांडतो. वाचकांनी त्यांवर गावोगाव चर्चा करावी.

एक, प्रत्येक गाडीच्या सर्वांत स्वस्त प्रकारातही टेपाची वायरिंग, स्पीकरच्या जागा आणि प्रमाणित कपलर असावा. टेपाची किंमत बिलात वेगळी दाखवावी. दोन, पडदा आणि गाडीची बाकीची यंत्रे यांच्यामधली जोडणी खुल्या मानकाप्रमाणे असावी, म्हणजे बाहेरचा टेप बसवताना एसी बंद पडणार नाही. तीन, दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा व्हावा आणि त्यात ट्रॅक्टर व मोटारी दोन्ही असाव्यात. चार, डेटा संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून जात, जमात आणि धर्म सांगू शकणाऱ्या माहितीला वेगळे संरक्षण द्यावे. पाच, आयटीआयच्या अभ्यासक्रमात गाडीतल्या नव्या वायरिंगचे शिक्षण असावे; बार्टीने त्याचे प्रशिक्षण वर्ग घ्यावेत आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने तपासणीच्या साधनांसाठी कर्ज द्यावे. आष्ट्यासारख्या गावात १९९९ पासून इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे. त्या कॉलेजातले ज्ञान आणि त्याच रस्त्यावरच्या दुकानातला हात यांची गाठ घालून दिली तर कंपनीला जे दहा वर्षांत जमत नाही ते येथे एका वर्षात जमेल.

सहावी मागणी आपल्या कवी-गायकांसाठी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराला गाण्याच्या पुढच्या कमाईत वाटा दिला आहे, आणि तो वाटा करार करूनही सहजी काढून घेता येत नाही. गाडीच्या पडद्यावर अॅपमधून भीमगीत वाजते तेव्हा पैसा कुठे तरी जातोच. तो शाहिराच्या घरापर्यंत यायचा असेल तर गाण्यांची नोंद आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेत झाली पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या तरुण वकिलांनी एक रविवार या कामाला द्यावा. वृद्ध शाहिरांच्या घरी जावे, त्यांच्या वह्या पाहाव्यात, अर्ज भरून द्यावेत. हे काम मोर्चाइतकेच मोलाचे आहे आणि त्याला पोलीस परवानगी लागत नाही.